तळातलं पाणी

तीस वर्षं बँकेच्या खतावण्या पाहिलेल्या माणसाने शिडाच्या होडीविषयी लिहावं, हा वाचकांना जरा आगाऊपणाच वाटेल. पण होडीच्या तळाशी साचणाऱ्या पाण्याची आणि थकीत कर्जाची जात एकच, हे मला एका रविवारी कळलं, म्हणून हे धाडस.

माझा कॉलेजातला एक मित्र जहाजावर इंजिनिअर होता. निवृत्तीनंतर त्याने 28 फुटी, 40 वर्षं जुनी लाकडी शिडाची होडी घेतली. मुंबई बंदरात ती नांगरलेली असे. त्या रविवारी आम्ही तिच्याकडे गेलो, तर ती नेहमीपेक्षा खोल बसलेली. आत तळफळ्या तरंगत होत्या आणि बॅटरी साफ उतरलेली. आम्ही दोघे साठी उलटलेले गृहस्थ दोन तास हातपंप आणि बादलीने पाणी उपसत होतो.

"अरे, तू तर आपोआप चालणारा पंप बसवला होतास ना?" मी धापा टाकत विचारलं.

"म्हणून तर हे झालं!" तो म्हणाला.

इंजिनाचा दांडा जिथून बाहेरच्या पंख्याकडे जातो, तिथल्या पॅकिंगमधून थोडे थेंब येणं जुन्या होडीत चालायचंच. त्या थेंबांची हळूहळू धार झाली. पाणी चढलं की तरंगता खटका उचलला जाई, पंप चाले, तळ कोरडा होई. कुणाला काही कळायचं कारणच नव्हतं. पण पंप 5 अँपिअर वीज ओढणारा. 100 अँपिअर-तासांच्या बॅटरीतली निम्मीच सुखाने वापरावी, म्हणजे जेमतेम 10 तासांची सोय. जुनं कर्ज फिटलेलं दिसावं म्हणून नवं कर्ज द्यायचं, तसलाच हा प्रकार. खातं कागदावर नियमित, आत गळती चालूच.

पंपावरच्या आकड्यानेही फसू नये. पाण्याखाली दोन फुटांवर दीड इंचाचं भोक पडलं, तर ताशी 8000 लिटरच्या आसपास पाणी आत येतं. ताशी 2000 गॅलन, म्हणजे सुमारे 7500 लिटर, असं छापलेला पंप त्याला जवळजवळ पुरेल असं वाटतं. पण तो आकडा पाणी वर न चढवता मोजलेला असतो. वळणावळणाच्या नळीतून तीन-चार फूट चढवताना तो निम्म्यावर येऊ शकतो. मंजूर मर्यादा वेगळी आणि हाती पडणारी रक्कम वेगळी, हे आमच्या कर्जदारांना चांगलं ठाऊक असतं!

मित्राने मग सारी व्यवस्था नव्याने लावली. होडीच्या फासळ्यांना बुडाशी बारीक छिद्रं असतात; त्यांतून वाहत पाणी सर्वांत खोल जागी यावं, अशी योजना. ती भुशाने आणि ग्रीसने बुजली होती. ती साफ करून त्यांतून त्याने बारीक साखळी ओवली. पुढे-मागे ओढली की वाट मोकळी. रोजच्या पाण्याला छोटा पंप अगदी तळाशी, मोठा वीतभर वर; दोघांच्या नळ्या वेगळ्या. मोठा सुरू झाला की भोंगा वाजतो. खटक्याची तार फ्यूजमधून थेट बॅटरीला जोडलेली. मुख्य बटण बंद केलं तरी पंप जागा राहतो. नळीचं तोंड उंचावर, आणि त्याआधी नळीला वर वळसा. नाहीतर होडी कलली की समुद्रच नळीतून आत यायचा. सुकाणूपाशी बसल्या जागी चालवता येईल असा हातपंप. तळातल्या प्रत्येक नळाजवळ दोरीने बांधलेली निमुळती लाकडी खुंटी.

मला सर्वांत आवडलं ते पंप किती वेळा चालला हे मोजणारं छोटं यंत्र. दर आठवड्याला तो आकडा तो वहीत लिहितो. गेल्या खेपेला 12 आणि आज 40 दिसले, की त्या दिवशी शीड उभारायचं नाही, गळती शोधायची. पंप फक्त वेळ मिळवून देतो. भोक बुजवायला माणूसच लागतो.

रत्नागिरीकडच्या आमच्या गावी एक म्हातारा तांडेल होडीत पाय ठेवला की आधी फळी उचलून तळ पाही, मग लोकांशी बोले. लहानपणी मला तो तुसडा वाटायचा.