जुने घर घेतलेत? रंग जपून खरवडा

गावातलेच जुने घर तुम्ही विकत घेतलेत. सागवानी खांब आणि फडताळांवर ऑइलपेंटचे थर, स्वयंपाकघर चुलीच्या धुराने काळवंडलेले. पाहुणे म्हणतात, "हे सारे विका, नवे करा." पण घाई करू नका. सागात अंगचेच तेल असते, म्हणून वाळवी त्याच्या सहसा वाटेला जात नाही. काजळी साबणाच्या कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा. लाकूड वाळले की जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या. तेलाची फडकी मात्र बोळा करून टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. मोकळ्यावर पसरून वाळवा.

खरी काळजी रंगाची. घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त शिसे नको, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात ते जास्त असू शकते, आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते.

तेव्हा घट्ट बसलेला रंग तसाच ठेवून वर नवा हात द्या. पोपडे सुटले असतील तर पाणी मारून ओलेच खरवडा. कोरडे घासू नका, जाळू नका. काम संपून घर ओल्या फडक्याने पुसेपर्यंत मुलांना आणि गरोदर सुनेला दुसऱ्या घरी ठेवा. खरवड पिशवीत बांधून ठेवा. उकिरड्यात टाकाल तर तीच खताबरोबर शेतात जाईल.

लाकूड राखा, धूळ टाळा. घर नवे दिसेल आणि मुलेही सुखरूप राहतील.