दीर्घिकासमूहातला तप्त वायू थंड का होत नाही?

मंडळी, दीर्घिकासमूह म्हटलं की शेकडो, कधी हजारभर दीर्घिका आपल्या डोळ्यांपुढे येतात. पण त्या सगळ्यांतल्या ताऱ्यांचं वस्तुमान एकत्र केलं, तरी दीर्घिकांच्या मधल्या जागेतला वायू त्याच्या कित्येक पट भरतो. हा वायू अतिशय विरळ असतो. बहुतेक भागात एका लिटरच्या बाटलीत मोजकेच कण सापडतील. तापमान मात्र 1 ते 10 कोटी अंश! समूहाच्या गुरुत्वाकर्षणानं वायू आत खेचला जातो, कण एकमेकांवर आदळतात आणि तापतात.

इतका तप्त वायू क्ष-किरण सोडतो. क्ष-किरण सोडणं म्हणजे ऊर्जा गमावणं. केंद्रात वायू दाट, म्हणून तिथे तो सर्वांत लवकर निवायला हवा आणि त्यातून भराभर तारे जन्मायला हवेत. प्रत्यक्षात तारे फारच थोडे जन्मतात. मग ऊब देतं कोण?

संशय जातो तो केंद्रातल्या कृष्णविवरावर. निवलेला वायू त्याच्याकडे ओढला जातो. त्यातून प्रचंड वेगाचे झोत उसळतात, भोवतालच्या वायूत बुडबुडे फुगवतात आणि वायू पुन्हा तापतो. वायू तापला की कृष्णविवराचं इंधन घटतं, झोत मंदावतात. आपल्या गिझरच्या थर्मोस्टॅटसारखंच, बरं का!

याचा एक मोठा पुरावा शोधण्यात आपल्या जवळच्या दुर्बिणीचा हात आहे. नौपाड्यातून निघून कल्याणमार्गे माळशेज घाट चढलं की पुढे नारायणगाव आणि त्याच्याजवळ खोडद. तिथली जीएमआरटी म्हणजे 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची रेडिओ दुर्बीण. भुजंगधारी तारकासमूहाच्या दिशेला, 39 कोटी प्रकाशवर्षांवर, एक दीर्घिकासमूह आहे. त्याच्या वायूत एक वक्र कडा 2016 मध्ये क्ष-किरणांत दिसली होती. ती बुडबुड्याची म्हणावी, तर लागणारी ऊर्जा अविश्वसनीय वाटत होती. 2020 मध्ये जीएमआरटी आणि ऑस्ट्रेलियातल्या दुर्बिणीच्या नोंदी त्यावर ठेवून पाहिल्या. कडेच्या पलीकडची पोकळी रेडिओ लहरींनी भरलेली निघाली! म्हणजे बुडबुडाच. आपल्या आकाशगंगेसारख्या 15 दीर्घिका त्यात ओळीनं मावतील.

आज तिथले झोत शांत आहेत. सर्वांत दाट, थंड वायू कृष्णविवरापासून जरा सरकलाय, त्यामुळे इंधन तुटलं असावं. मात्र बुडबुड्यांतली ऊर्जा सगळ्या वायूत नेमकी कशी पसरते, हे कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही.