आज्ञा कोणाची?

‘आज्ञाधारक’ हा शब्द आपल्याकडे फार स्वस्त झाला आहे. अर्जाच्या शेवटी ‘आपला आज्ञाधारक’ असे लिहिणारा मनुष्य साहेबाची आज्ञा कितपत पाळतो, हे साहेबालाही ठाऊक असते. मुलगा आज्ञाधारक म्हणजे उलट न बोलणारा, सून आज्ञाधारक म्हणजे मान खाली घालून वावरणारी! शहाणपण आले की आज्ञाधारकपणा गेला, अशीच आपली एकंदर समजूत.

मी जन्माने ख्रिस्ती. रविवारच्या शाळेत हे दोन शब्द मी जोडीनेच ऐकत आले. लूकच्या शुभवर्तमानात बारा वर्षांच्या येशूची एक गोष्ट आहे. सणासाठी यरुशलेमला गेलेला हा मुलगा मागे राहतो आणि तीन दिवसांनी मंदिरात पंडितांशी प्रश्नोत्तरे करताना आईबापांना सापडतो. दुसऱ्या कुणी ही कथा रचली असती, तर मुलाला तिथेच आचार्य करून टाकले असते. लूक मात्र सांगतो की तो निमूट नासरेथला परतला, आईबापांच्या आज्ञेत राहिला आणि ज्ञानाने वाढत गेला. पुढे त्याने कार्यारंभ केला तो सुमारे तिसाव्या वर्षी. मधली अठरा वर्षे सुताराच्या घरात गेली आणि त्यांच्याविषयी लूकने जवळजवळ काहीच लिहिलेले नाही! तुम्हा-आम्हा संसारी माणसांच्या उपयोगाची वर्षे नेमकी तीच असावीत, असे मला वाटते.

ही वर्षे कशी जात असतील ते मला कळले लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’वरून. वर्गात ते पुस्तक शिकविताना दरवर्षी एखादी चुणचुणीत मुलगी विचारतेच, “बाई, ही नवऱ्याच्या मागोमाग ख्रिस्ती झाली. त्यात हिचे स्वतःचे काय?” प्रश्न रास्त आहे, पण हकीकत जरा निराळी आहे.

लक्ष्मीबाईंचे माहेर कमालीचे सोवळे. १८५७ च्या धामधुमीत आजोबांना फाशी झाली आणि वडिलांच्या मनाने सोवळ्याचा असा काही ध्यास घेतला, की घरात मीठ नि साखरसुद्धा धुऊन घेतली जाई! अशा घरच्या मुलीचे पती, कवी नारायण वामन टिळक, १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेऊन मोकळे झाले. बाई काही वर्षे नातेवाइकांकडे राहिल्या. पुढे पतीकडे आल्या त्या आपले सोवळे बरोबर घेऊनच. नवरा ख्रिस्ती आणि बायकोची चूल निराळी! टिळक स्वभावाने तापट, पण या बाबतीत त्यांनी जबरदस्ती केली नाही, हे त्यांचे मोठेपण मानले पाहिजे.

मग एके दिवशी बाई आपल्याशीच विचार करीत बसल्या. जाती देवाने केल्या की माणसाने? पशुपक्ष्यांत जाती दिसतात, त्या देवाने केल्या खऱ्या. माणूस मात्र इथूनतिथून एकच. उत्तर मिळाले तशी त्यांनी कुणाच्याही हातचे खायचे-प्यायचे ठरविले. त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालचा, या निर्णयानंतरचा. अक्षरओळख बेताची असलेल्या या बाईंनी पुढे पतीचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ बहुतांशी लिहून काढले, याचे सगळे कौतुक करतात. मला चुलीजवळचा तो निर्णय अधिक मोठा वाटतो. आज्ञा वरूनच आलेली होती, पण बाईंनी ती स्वतःच्या अकलेने वाचून घेतली.

आता घरची गोष्ट. ख्रिस्ती झाल्याने जात जाते, असा कुणाचा समज असेल तर तो बाजूला ठेवावा. आमच्या वाड्यात झाडायला येणाऱ्या बाईंसाठी दांडा तुटलेला एक कप खिडकीत पालथा घातलेला असे. आजी रोज शास्त्र वाची, प्रार्थनेला उभी राही, आणि त्या कपाला कुणी हात लावू नये म्हणून जपे. आई सासूच्या शब्दाबाहेर कधी गेली नाही; साडी कोणती नेसायची हेदेखील विचारून.

एका पावसाळ्यात त्या बाई भिजून कुडकुडत आल्या. आईने त्यांना आत घेतले, पाटावर बसविले आणि घरातल्या कपात चहा दिला. तुटका कप तिने केरात टाकला. धुतलेला कप इतरांबरोबर फळीवर गेला. आजी एवढेच म्हणाली, “मला चहा नको.”

तीन दिवस आजीने चहा घेतला नाही. आईने वाद घातला नाही, शास्त्रातले दाखले दिले नाहीत. आजीचे पाय चेपले, तिचे पथ्याचे जेवण वेळेवर वाढले. त्या बाई रोज येत, आत बसून चहा घेत.

चौथ्या दिवशी सकाळी आजीने बाजेवरूनच हाक मारली, “सूनबाई, चहा टाकलास का ग?”

कोणत्या कपात देऊ, हे आईने विचारले नाही. फळीवर सहा कप होते, सगळे एकसारखे.