इनटेक पाइप : गिऱ्हाइकाला कोणता द्यावा?

मोटार दुरुस्ती आणि सुट्या भागांचा धंदा हे आपल्या अनेक घरांच्या कमाईचे साधन आहे. कुर्ल्याचा सीएसटी रोड असो की पुण्याची नाना पेठ, या धंद्यात वेगवान गाड्यांचे हौशी गिऱ्हाईक वाढले आहे. कंपनीने दिलेला प्लास्टिकचा इनटेक काढून बाहेरचा चकचकीत पाइप बसवा, अशी त्याची मागणी असते. इनटेक म्हणजे फिल्टरमधून इंजिनापर्यंत हवा नेणारी नळी. ती अ‍ॅल्युमिनियमची घ्यावी, प्लास्टिकची, सिलिकॉनची की कार्बन फायबरची? जास्त नफ्याचे उत्तर आणि खरे उत्तर नेहमी एकच नसते, म्हणून हा विषय आम्ही येथे घेतला आहे.

हवेचे गणित

हवा थंड असली की दाट असते आणि इंजिनाला प्राणवायू जास्त मिळतो. हवा सुमारे ३ अंश सेल्सिअसने तापली की तिचा दाटपणा १ टक्क्याने घटतो. अ‍ॅल्युमिनियम हे प्लास्टिकपेक्षा कित्येक पटींनी जास्त उष्णता वाहून नेते. त्यामुळे धातूचा पाइप लावला की ताकद गेली, असे अनेक जण सांगतात. हे अर्धेच खरे आहे.

टर्बो नसलेले २ लिटरचे इंजिन मिनिटाला ६ हजार फेऱ्यांवर सेकंदाला जवळपास १०० लिटर हवा ओढते. ७० मिलिमीटर व्यासाच्या पाइपातून ही हवा सेकंदाला सुमारे २६ मीटर वेगाने जाते. अर्धा मीटर लांबीचा पाइप ती सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्श्यात ओलांडते. तेवढ्या वेळात ती फारशी तापत नाही. फरक पडतो तो ट्रॅफिकमध्ये गाडी रखडते तेव्हा. बॉनेटखाली पाइप तापतो आणि हवा मंद वाहते.

म्हणून पाइपच्या मालापेक्षा हवा कोठून घेतली जाते, हे महत्त्वाचे. उघडा फिल्टर इंजिनाशेजारी बसवला तर पाइप कार्बनचा असूनही आत गरम हवाच जाणार. कंपनीचा बंद डबा बाहेरची थंड हवा घेत असेल, तर तो काढून गिऱ्हाइकाचे नुकसानही होऊ शकते.

कोणता माल कोठे?

प्लास्टिक हलके, स्वस्त आणि उष्णता अडवणारे. मात्र हलक्या प्रतीचे प्लास्टिक उन्हाळ्यात मऊ पडते आणि जोड ढिले होतात.

अ‍ॅल्युमिनियम टिकाऊ, आणि आर्गन वेल्डिंग येणाऱ्या कारागिराला ते दुकानातच बनवता येते. आतल्या बाजूचा टाका घासून पाइप धुतलाच पाहिजे. धातूचा एक कण टर्बोच्या पंख्यावर आदळला तर पाइपच्या किमतीच्या अनेक पट खर्च अंगावर येतो.

सिलिकॉन होज इंजिनाचे हादरे सोसतो, म्हणून जोडासाठी उत्तम. टर्बोच्या अलीकडे ओढ असते. तेथे पातळ होज आत चेपतो. तारेची वेटोळी असलेला घ्यावा.

कार्बन फायबर अ‍ॅल्युमिनियमपेक्षाही हलके आणि उष्णता कमी वाहणारे, पण महाग. काही शेकडा ग्रॅम वजन वाचल्याचा फरक रस्त्यावर जाणवत नाही. गिऱ्हाईक देखाव्यासाठी घेत असेल तर तसे स्पष्ट बोलून द्यावे.

पाइप कोणताही असो, हवा मोजणारा सेन्सर जेथे बसतो तेथे आतला व्यास मूळ मापाचाच ठेवावा. माप बदलले की हवा आणि पेट्रोलचे प्रमाण बिघडते. फिल्टरला जादा तेल लावले तर ते सेन्सरवर बसते.

पाऊस आणि कायदा

थंड हवेसाठी पाइपचे तोंड बंपरमध्ये खाली नेण्याची पद्धत आहे. आपल्याकडे हे जोखमीचे आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, हे मुंबईकर विसरलेले नाहीत. पाणी सिलिंडरमध्ये शिरले की ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. तोंड उंचच ठेवावे.

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५ हजार रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. गाडी गॅरंटीत असेल तर कंपनी हात वर करू शकते. दोन्ही गोष्टी काम हाती घेण्यापूर्वीच सांगाव्यात.

ऐब लपवू नका

प्लास्टिकवर कार्बनची छपाई करून ते अस्सल म्हणून खपवणारे बाजारात आहेत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आतला माल ओला लागला. ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. छपाईचा पाइप विकणे गैर नाही. तो छपाईचा आहे हे लपवणे गैर आहे.

आमची सूचना साधी आहे. बिलावर मालाचे नाव नीट लिहा : ‘अ‍ॅल्युमिनियम’, ‘प्लास्टिक, कार्बन छपाई’, ‘अस्सल कार्बन’. एखादा सौदा यामुळे हातचा जाईलही, पण गिऱ्हाईक पुढच्या कामाला परत येईल आणि चार जणांना घेऊन येईल. बरकत अशाच धंद्यात असते.