पुस्तकातला सिंह टीव्हीवर कसा आणायचा?

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, गोष्ट मुलांना आधी वाचून दाखवायची की सरळ टीव्हीवर? माझं मत वाचनाच्या बाजूने आहे. का, ते बघा.

सी. एस. लुईस यांचं 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' १९५० साली आलं. चार भावंडं कपाटातून नार्निया नावाच्या बर्फाळ जगात जातात. तिथला खरा राजा अस्लान, एक सिंह. त्याचं नुसतं नाव कानावर पडतं आणि एडमंडला भीती वाटते, पीटरला धीर येतो, लूसीला सुट्टी लागल्यासारखा आनंद होतो. सिंह अजून दिसलेलासुद्धा नाही! पुस्तकात हे एका परिच्छेदात होतं. कॅमेऱ्याला मात्र फक्त चेहरे दिसतात.

रेडिओला लुईस यांची हरकत नव्हती. पण माणसाने अस्लानचं सोंग घ्यावं, हे त्यांना साफ नामंजूर होतं. १९५९ च्या एका पत्रात त्यांनी तसं लिहिलंय. ते गेल्यानंतर, १९८८ मध्ये बीबीसीने सहा भागांची मालिका केली. त्यात अस्लान म्हणजे भलीमोठी बाहुली, आत दोन माणसं, आवाज तिसऱ्याचा. बोलणारे बीव्हर मात्र वेष चढवलेली माणसंच.

एकदा तो सिंह पाहिला की मुलाच्या मनातला स्वतःचा सिंह पुसला जातो. म्हणून आधी वाचा, पुस्तक मिटा, चित्र काढू द्या. मग मालिकेतला प्रसंग दाखवा आणि विचारा, "नाव ऐकून तुला जे वाटलं, ते तू टीव्हीवर कसं दाखवशील?"