घरच्या ध्वनियंत्रणेला टर्नटेबल जोडावे काय?

ध्वनिमुद्रिकांचा जमाना संपला असे म्हणता म्हणता काळ्या तबकड्या पुन्हा दुकानांतून दिसू लागल्या आहेत. ज्यांच्या घरी अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर आधीपासून आहेत, त्यांना साहजिकच वाटते की एक टर्नटेबल आणून जोडले म्हणजे झाले. परंतु ही खरेदी एका वस्तूची नसते. ती कशाकशाची असते, हे आधी समजून घेतलेले बरे.

तबकडीवर आवाज असतो तो खाचेच्या नागमोडी वळणांत. सुई त्या खाचेतून जाताना थरथरते आणि सुईमागच्या कार्ट्रिजमध्ये त्या थरथरीची वीज होते. ही वीज अगदी क्षीण, म्हणजे साधारण ५ मिलिव्होल्ट असते. सीडी प्लेअरमधून निघणारी वीज २ व्होल्टपर्यंत, म्हणजे तिच्या सुमारे ४०० पट असते. शिवाय तबकडी कापताना खर्जाचे सूर मुद्दाम दाबलेले आणि तार सूर उचललेले असतात. खर्ज पूर्ण जोराने कापला तर खाच इतकी रुंद होईल की शेजारच्या खाचेत घुसेल. आणि तार सूर उचलून ठेवले की वाजवताना ते खाली आणता येतात, त्यांच्याबरोबर सुईची खरखरही खाली येते. हे प्रमाण १९५४ मध्ये अमेरिकेत ठरले व पुढे बहुतेक सर्वत्र मान्य झाले. म्हणून वाजवताना हा हिशेब उलटा फिरवणारा 'फोनो प्रीअ‍ॅम्प्लिफायर' लागतो. तो नसताना टर्नटेबल सरळ जोडले तर आवाज बारीक आणि पोकळ येतो. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर 'फोनो' लिहिलेले छिद्र असेल तर तो आतच असतो. नसेल तर वेगळा घ्यावा लागतो.

दुसरा प्रश्न तबकड्यांच्या जातीचा. मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी लाखेत दगडाची पूड मिसळून केलेली असे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. तेवढ्यात गवयाला राग उभा करावा लागे. १९४८ मध्ये ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्ले आली, तिच्या एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक संगीत बसू लागले. ७८ ची खाच लाँग प्लेच्या खाचेपेक्षा तीन-चार पट रुंद असते. म्हणून लाँग प्लेची सुई तीत तळाशी घासत जाते आणि ७८ ची सुई लाँग प्लेवर ठेवली तर तबकडी खराब होते. आजच्या पुष्कळ टर्नटेबलांत ७८ चा वेगच नसतो. घरात जुन्या तबकड्या असणाऱ्याने हे दुकानात आधी विचारावे.

आता खऱ्या हिशेबाकडे येऊ. उज्जैनला माझ्या मामांच्या घरी आजोबांच्या ४५ तबकड्या आहेत. मामींच्या मते त्या भंगारात द्याव्यात, मामांच्या मते टर्नटेबल आणावे. वाणिज्य शाखेत आपण शिकतो की बुडीत खर्च पुढच्या निर्णयात धरायचा नसतो. आजोबांनी तबकड्यांना काय मोजले, हा प्रश्नच येथे नाही. प्रश्न एवढाच की त्यांत असे काय आहे जे दुसरीकडे ऐकायला मिळत नाही. यादी करून एकेक नाव मोबाईलवर शोधले. ३६ सापडल्या, ९ सापडल्या नाहीत. त्या नवांपैकी चार आजीने धारवाडहून आणलेल्या कन्नड भावगीतांच्या. आजीचे माहेरचे बोलणे आता घरात कोणी बोलत नाही, म्हणून या चार तबकड्यांना बाजारभाव लावता येत नाही.

ज्या ३६ सापडल्या त्यांच्यासाठी टर्नटेबल घेणे हा हौसेचा खर्च. आवाज अधिक स्वच्छ मिळेल या आशेने तो करू नये. सीडीत अतिमंद व अतितीव्र आवाजांतले अंतर सुमारे ९६ डेसिबल बसते, तबकडीत साधारण ६० ते ७०. नवीन निघणाऱ्या तबकड्याही पुष्कळदा डिजिटल मुद्रणावरूनच कापलेल्या असतात. मात्र पूर्ण बाजू न उठता, न बदलता ऐकण्याची शिस्त तबकडी लावते, हा लाभ खोटा नाही.

खर्च एकदाच होत नाही. सामान्य सुई सुमारे ५०० तास चालते असे धरले, तर रोज तासभर ऐकणाऱ्याला दीड वर्षाच्या आत ती बदलावी लागेल. सुईचा भार दीड-दोन ग्रॅम असावा. स्वस्त पेटीवजा यंत्रांत तो याहून बराच जास्त असतो आणि खाच लवकर झिजते. माळव्यात आणखी एक शत्रू म्हणजे उन्हाळा. मे महिन्यात उज्जैनचा पारा चाळीसच्या वर जातो. पत्र्याखालच्या माळ्यावर आडव्या रचलेल्या लाँग प्ले वाकतात आणि वाकलेली तबकडी सहसा पूर्ववत होत नाही. तबकड्या उभ्या, खालच्या खोलीत, धुळीपासून झाकून ठेवाव्यात. याला पैसे पडत नाहीत आणि टर्नटेबल घ्यायचे की नाही हे ठरण्याआधीच हे करता येते.

मामांकडे निर्णय असा झाला: टर्नटेबल तूर्त घ्यायचे नाही, दोन्ही जातींच्या सुया असलेल्या जाणकाराकडून नऊ तबकड्या एकदा नीट वाजवून संगणकावर उतरवून घ्यायच्या, भंगारात एकही द्यायची नाही. ऐकण्याची सवय टिकली तर पुढे यंत्राचा विचार.

उज्जैनपासून सुमारे ४० किलोमीटरवरच्या देवासला कुमार गंधर्व क्षयाच्या आजारात हवापालटासाठी आले आणि १९९२ पर्यंत, अखेरपर्यंत, तेथेच राहिले. ते मूळचे बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचे. कन्नड मुलुखातला गळा माळव्याची लोकगीते आणि मराठी नाट्यपदे गायला, आणि पुढच्या पिढ्यांना तो ऐकायला मिळाला तो मुद्रणांमुळे. तेव्हा ज्यांच्या घरी तबकड्या आहेत त्यांनी यंत्राची किंमत विचारण्याआधी तबकड्यांची यादी करावी. यंत्र उद्याही मिळेल. फुटलेली तबकडी मिळणार नाही.