कुड्याची साल

पालघर व ठाणे जिल्ह्यांतील वारली, कातकरी व महादेव कोळी पाड्यांवर हगवण लागली म्हणजे प्रथम आठवण होते ती पांढऱ्या कुड्याची. त्याच्या सालीचा काढा अत्यंत कडू लागतो. सालीत कोनेसीन नावाचे द्रव्य असून आमांशाच्या जंतूंवर त्याचा परिणाम होतो. आयुर्वेदातील कुटजारिष्टही हिच्यापासूनच करतात. तेव्हा वैदूचे हे ज्ञान अडाणी समजूत म्हणून झिडकारण्याजोगे खास नाही.

झाड ओळखण्यात मात्र चूक होऊ नये. त्याच रानात काळा कुडाही असतो आणि त्याची साल या सालीत मिसळली जाते. काळ्या कुड्याच्या शेंगांची जोडी टोकाशी जुळलेली असते. पांढऱ्याच्या शेंगा सुट्या लोंबतात. पांढऱ्याचे बी कडू, काळ्याचे गोड. बाजारातील कडू व गोड इंद्रजव ते हेच.

खरी चिंता आहे ती साल काढण्याच्या रीतीची. जाणता वैदू गरजेपुरती, एकाच बाजूची उभी पट्टी काढतो. विक्रीच्या घाईत खोडाभोवतीची सर्व साल सोलली जाते. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतील थरातूनच मुळांकडे उतरते. ती वाट तुटली की मुळे उपाशी राहून झाड वाळते. साल अधिक हवी असल्यास काही फांद्या छाटून त्यांचीच सोलावी. कुड्याला धुमारे चांगले फुटतात.

लहान मुलास जुलाब होत असता केवळ काढ्यावर विसंबू नये. उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून ते थोडेथोडे पाजावे. शौचात रक्त दिसल्यास किंवा मूल मलूल पडल्यास त्यास विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.

प्राणिज औषधांची गोष्ट निराळी. सांधेदुखीवर घोरपडीची चरबी चोळण्याचा प्रघात आहे. परंतु वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये घोरपड मारणे गुन्हा आहे. शिवाय उंदीर व किडे खाणारा हा प्राणी शेतकऱ्याच्या उपयोगाचाच. सांधे शेकण्यास बांधावरील निर्गुडीचा पाला आहेच.

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये गावाच्या लोक जैवविविधता नोंदवहीत अशा वनस्पती व त्यांचे उपयोग नोंदविता येतात. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने वैदूची संमती घेऊनच नोंद करावी. औषधाचे नाव उघड केल्यास गुण जातो, असे काही वैदू मानतात. त्यांना आग्रह करू नये. झाडे कोठे उरली आहेत व साल कशी काढतात, एवढे त्यांनी सांगितले तरी ते लिहून घ्यावे.